वीस बोंडांचा ठराव

माझ्या हातून एका दुपारी काही अब्ज जीव मेले. आकडा मी फुगवून सांगत नाही, तो पाकिटावरच छापलेला होता. ताईने ते जीव शहरातून आणले होते. चार तासांच्या बसप्रवासात तिने पाकीट ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि खिडकीतून ऊन आलं की स्वतःचा हात आडवा धरला होता. शेजारच्या बाईने "काय आहे हो त्यात?" असं विचारल्यावर "झोपलेत, हळू बोला" असं सांगून तिला गप्प केलं होतं. घरी आल्यावर तिने ते स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाशेजारी, गारव्याला ठेवलं.

आणि मी ते गुळाच्या पाण्यात उकळले.

उकळले म्हणजे नुसते कढत पाण्यात सोडले नाहीत. घड्याळ लावून वीस मिनिटं रटरट उकळले.

माझीही बाजू ऐकून घ्या. मी एकतीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. सुया, चिमटे, कात्र्या, पिचकाऱ्या, जे हाताला लागेल ते उकळायचं, हेच माझं आयुष्य. आमचे डॉक्टर म्हणायचे, "माझ्यामुळे पेशंट बरा होतो की नाही ते देव जाणे, पण तुझ्यामुळे आजारी पडणार नाही." बायकोचं म्हणणं असं की घरी पाहुणे आले तरी मी त्यांच्याकडे, हे कुठल्या भांड्यात मावतील, अशा नजरेने बघतो. तर अशा माणसाला ताईने चप्पल घालता घालता सांगितलं, "गुळाचं पाणी कर, त्यात ही पूड कालव, मुगाच्या बियाण्याला हलक्या हाताने चोळ आणि वाळत घाल. मी नांगरवाल्याकडे जाऊन येते."

"पण आहे काय यात?" मी विचारलं.

"जंतू," असं म्हणून ती गेली.

आता तुम्हीच सांगा. आग विझवणाऱ्या माणसाला घरात आग लागल्याचं सांगायचं आणि तो शेकत बसेल अशी आशा धरायची?

मी पातेलं आधी जंतुनाशकाने धुतलं. मग गूळ, मग पूड, मग वीस मिनिटं. बियाणं भाजू नये एवढी अक्कल होती, म्हणून घोळ कोमट होऊ दिला, मुगाला चोळला आणि गच्चीवर, कुठेही सावलीचा डाग नाही अशा कडक उन्हात चादर पसरून मूग वाळत घातला. एखादा जंतू चिकाटीचा निघालाच असता तर त्याला उन्हाने गाठलं असतं. खाली येऊन हात धुतले, चहा ठेवला आणि बहिणीकडे चार दिवस पाहुणा म्हणून येऊन तिच्या उपयोगी पडल्याच्या समाधानात बसलो.

ताई आली. पातेल्याला हात लावला. "हे गरम का?"

"उकळलं."

"काय उकळलं?"

"सगळंच."

"पुडीसकट?"

"पुडीसकट. तूच म्हणालीस ना, जंतू आहेत म्हणून."

ताई खुर्चीवर बसली. ती रागावली की बोलत नाही, आधी बसते. आमच्या लहानपणी ती बसली की मी दार गाठायचो. या वेळी पाय हलले नाहीत. गुडघ्यांचं वयच तसं.

"अरे शहाण्या," ती शेवटी म्हणाली, "ते कामाचे जंतू होते. ते मुगाच्या मुळात घर करतात. हवेतला नत्र ओढून झाडाला खायला घालतात. त्यांच्यासाठी मी दिवस मोडून शहरात गेले होते."

"मग आणखी एक पाकीट आणू. मी जातो."

"दुकानात हे शेवटचं होतं. पुढचा माल आठ दिवसांनी येतो. आणि जमिनीला वाफसा उद्याचाच आहे." वाफसा म्हणजे काय ते मला कळलेलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं. "माती ना चिखल ना कोरडी, अशी पेरणीजोगी. ती तुझ्यासाठी आठ दिवस थांबत नाही."

हे सगळं आताच का अडलं, ते समजण्यासाठी घरातली परिस्थिती सांगायला हवी.

ताईच्या सासरची जमीन दोन तुकड्यांत आहे. पुढचं शेत घरापासून हाकेच्या अंतरावर, काळंभोर, आज्ञाधारक. मागचा तुकडा ओढ्याकडे उतरणारा. त्यावर कापूस लावला तर झाडं गुडघ्याएवढी व्हायची आणि एकेका झाडाला आठ-नऊ बोंडं धरायची. पुढच्या शेतात तीस. "तो तुकडा मुळातच भिकार," असं ताईचे थोरले दीर सांगत. जमीन सामाईक, आणि शब्द त्यांचा. ते एका सहकारी संस्थेत सचिव होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळे त्यांना सचिवच म्हणतात, आणि घरातलं पानसुद्धा त्यांच्या ठरावाशिवाय हलत नाही. पंखा दोनवर ठेवावा, हा ठराव. चहात साखर कमी, हाही ठराव. सूचक तेच, अनुमोदक तेच, आणि विरोधात कोणी नाही, कारण विरोध नोंदवायची वही त्यांच्याच उशाखाली असते.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या वीटभट्टीवाल्याने त्या तुकड्याची माती मागितली. वरची दोन हात माती खणून न्यायची. सचिवांनी लगेच ठराव मांडला: तुकडा भट्टीला द्यावा आणि जो खड्डा उरेल त्यात मासे पाळावेत. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. दिवसातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन 'बरं' अशी असतात. तेही 'बरं' म्हणाले.

घराच्या इतिहासात प्रथमच विरोध नोंदवला गेला. ताई म्हणाली, "भाऊजी, मला दोन हंगाम द्या. माती एकदा गेली की गेली. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही बोटभर परत मिळायची नाही."

"आणि दोन हंगामांनी?"

"दोन हंगामांनी बोंडं मोजा."

सचिवांना मोजण्याची भाषा कळते. वही उघडली, ठराव लिहिला: दुसऱ्या हंगामात मागच्या तुकड्यावर झाडामागे सरासरी वीस बोंडं भरली तर तुकडा शेतीत राहील. न भरल्यास माती भट्टीला. खाली दोघांच्या सह्या. दाजींनी साक्षीदार म्हणून सही केली आणि विचारल्यावर "बरं" म्हणाले.

ताई काही जन्माची शेतकरी नव्हे. आम्ही दोन खोल्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली भावंडं. वडील पोस्टात पत्रं वेगळी करायचे. तिने लग्नाआधी माती पाहिली ती कुंडीत, आणि ती कुंडीही शेजाऱ्यांची. लग्न होऊन आली तेव्हा गहू कुठला आणि गवत कुठलं, यावर सासूबाई तिची तोंडी परीक्षा घ्यायच्या आणि ती रोज नापास व्हायची. पण तिच्यात एक खोड आहे. न समजलेलं ती विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला सोडत नाही. गुराख्याला विचारलं, बियाण्याच्या दुकानदाराला विचारलं, कृषी खात्याच्या साहेबाला तर इतकं विचारलं की तो दुसऱ्या गावाच्या रस्त्याने ये-जा करू लागला. तिने त्याच्या मोटारसायकलला रिक्षा आडवी घालून त्याला गाठलं. साहेबाने मग कंटाळून तिला सगळंच सांगून टाकलं. कापूस हा मोठा खादाड गडी, जमिनीतून घेतच राहतो. त्याच्या शेजारी मूग, चवळी, उडीद असलं काही बसवलं की ते मुळांच्या गाठींत नत्र साठवतं. पासष्ट दिवसांत शेंगा देऊन मोकळं होतं, आणि मागे आपला पाला, आपली मुळं मातीला देऊन जातं. तोवर कापूस नुकता अंग धरत असतो, त्याची अडचण होत नाही.

"चांगल्या भाडेकरूसारखं," ताई म्हणते. "खोली रंगवून, खिळे न काढता जातो."

पहिल्या वर्षी तिने कापसाच्या ओळींमध्ये चवळी लावली. कापूस वेचून झाल्यावर सगळं गाव वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उरलेली खोडं, पेटवतं. हिने त्या बारीक तुकडे करून शेतातच गाडल्या. शेणखत घातलं, चवळीचे वेल गाडले. बोंडं आठावरून चौदा झाली. पण चवळीच्या मुळांवर गाठी अगदीच नावाला होत्या. जमिनीत ते जंतूच उरले नव्हते. म्हणून या शेवटच्या वर्षी पाकीट. आणि पाकीट माझ्या हाती!

"टोपली घे," ताई खुर्चीवरून उठत म्हणाली.

"कशाला?"

"दही लावायचं आणि घरात विरजण नसेल तर काय करतो आपण? शेजारी जातो. हवालदारांच्या शेतात गेली कित्येक वर्षं मूग होतो, मुळं गाठींनी लगडलेली असतात. तू मारलेल्यांचे नातेवाईक त्या मातीत जिवंत आहेत. जा आणि टोपलीभर माती मागून आण."

"मी?"

"उकळलं कोणी?"

निवृत्त हवालदारांचं शेत ताईच्या मागच्या तुकड्याला लागून. मधे एक बांध. त्या बांधावरून दोन घरांत वीस वर्षं वाद. बांध इकडे सरकला की तिकडे, यावर हवालदारांनी एकदा दोरी लावून मोजणी केली होती आणि दुसऱ्या दिवशी दोरीच चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. अशा माणसाकडे मी रिकामी टोपली घेऊन गेलो. ते ओट्यावर बसून बूट पुसत होते. नोकरी सुटली होती, बूट सुटले नव्हते.

"थोडी माती हवी होती," मी म्हणालो.

"काय हवं होतं?"

"माती. टोपलीभर. तुमच्या शेतातली."

हवालदार हळूहळू उभे राहिले. "वीस वर्षं तुमची बहीण बोटबोट माती सरकवतेय बांधावरून, मी काही बोललो नाही. आता टोपली घेऊन उघड उघड न्यायला लागलात? तेही भावाला पाठवून? आणि कागद आहे का काही?"

मी सगळी हकिकत सांगितली. पाकीट, गूळ, वीस मिनिटं, गच्ची, वीटभट्टी, वीस बोंडं. जंतुनाशकाने पातेलं धुतल्याचं ऐकलं तेव्हा त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. मला वाटलं संताप. ते हसत होते. इतके हसले की हातातला बूट ओट्याखाली पडला.

"म्हणजे बाईंना माझी माती लागते," डोळे पुसत ते म्हणाले. "माझी! असं ती स्वतः म्हणाली? शब्दशः सांगा."

"विरजण म्हणून हवी, म्हणाली."

"विरजण!" हे ऐकून गडी खूश झाला. स्वतः कुदळ घेतली, झाडाच्या सावलीतली, बोटभर खालची ओलसर माती काढली, दोन टोपल्या भरल्या. एक मी उचलली, दुसरी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बांध ओलांडून, वीस वर्षांत पहिल्यांदा, ताईच्या अंगणात आले. "घ्या," ते म्हणाले. "हिशेब चुकता. बांधाचं मात्र वेगळं."

"बांधाचं वेगळंच," ताई म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

मग माती चाळली. गुळाचं पाणी केलं, या वेळी गार. इतकं गार की मला बोट बुडवून दाखवायला लावलं. मातीचा घोळ मुगाला चोळला, घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला पोतं लावून, सावलीत मूग पसरला. ताई प्रत्येक वेळी म्हणे, "कंपाउंडर, हात लावू नको," आणि मी हात मागे बांधून उभा राही, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पेरणी. कापसाच्या दोन ओळींमध्ये मुगाची एक. पायवाटेपासूनच्या मुगाच्या दोन ओळींत मात्र ताईने माझ्या उकळलेल्या घोळाचं, बाजूला काढून ठेवलेलं बियाणं टाकलं.

"हे कशाला?"

"बघू दे तरी फरक पडतो का. नाहीतर साहेब सांगतो म्हणून मी मान डोलावते आणि मी सांगते म्हणून तू." तिने तिथे एक काठी रोवली आणि काठीला माझा जुना मोजा बांधला.

त्यानंतर मी तिथेच राहिलो. जायचं होतं, पण गुन्हेगाराने घटनास्थळ सोडू नये म्हणतात.

सहा आठवड्यांनी ताईने मला शेतात नेलं. मुगाचं एक झाड खुरप्याने मुळासकट अलगद काढलं, पाण्यात धुतलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी.

"गुलाबी असेल तर कामावर," ताई म्हणाली. "पांढरी किंवा हिरवट असेल तर हजेरी लावून झोपलेली."

मग माझ्या ओळीतलं झाड काढलं. मुळं स्वच्छ. दवाखान्यात ठेवावीत इतकी स्वच्छ.

हवालदार बांधावरून बघत होते. आता ते रोज बघत. माती त्यांची होती ना. "बाई, मूठभर युरिया फेका की!" ते ओरडले. "लवकर वाढतील!"

"नको हो. आयतं मिळायला लागलं की गाठी काम सोडतात," ताई ओरडली, आणि माझ्या हातातल्या तिसऱ्या चहाकडे बघून म्हणाली, "घरोघरी तेच."

शेंगा तोडून झाल्या. मुगाची झाडं तिने उपटली नाहीत, जमिनीलगत कापली. मुळं आत राहू दिली, पाला ओळींमध्ये अंथरला. वर ऊन तापे, पण पाला सरकवून हात घातला की खाली गार ओल. गवत डोकं काढेना. आणि कापूस, जो आधी रुसलेल्या पाहुण्यासारखा उभा होता, तो फांद्या पसरून बसला. पाती, म्हणजे कळ्या, लागल्या, फुलं आली, बोंडं धरली. माझ्या दोन ओळींच्या मधली कापसाची एक ओळ तेवढी फिक्कट राहिली. लांबूनही ओळखू यायची. वर मोजा फडकत होता.

मोजणीचा दिवस आला. सचिव टोपी घालून, वही, दोन पेनं आणि दाजींना घेऊन आले. "पद्धत अशी," त्यांनी जाहीर केलं, "पायवाटेपासून सुरू करून दर दहा ओळी सोडून एक ओळ. प्रत्येक ओळीत पाच झाडं. एकूण पंचवीस झाडं. आक्षेप?"

पायवाटेपासूनची पहिली ओळ कुठली, हे माझ्या लक्षात आलं.

"आक्षेप!" मी म्हणालो. "ती ओळ धरू नका. ती माझी आहे."

"तुमची म्हणजे? सात-बारा दाखवा."

"अहो, तिच्या शेजारच्या मुगाचे जंतू मी उकळले होते. ती प्रयोगाची ओळ. ती सोडून मोजा."

सचिवांनी ताईकडे बघितलं. त्या एका ओळीवर सगळं अडणार, हे तिलाही दिसत होतं. आणि माझी बहीण काय म्हणाली असेल? म्हणाली, "माझ्याच शेतातली ओळ आहे. मोजा."

"ताई!"

"तू गप्प. पद्धत ठरली ना? मग पद्धत म्हणजे पद्धत."

मोजणी सुरू झाली. सचिव झाडाला प्रदक्षिणा घालत, दाजी आकडा सांगत, सचिव तो पुन्हा मोजून लिहीत. माझ्या ओळीत पाच झाडांना मिळून साठ बोंडं. झाडामागे बारा. पुढच्या ओळीत एकशेचार. मग एकशेसात. एकशेदोन. शेवटच्या ओळीत एकशेसात. हवालदार बांधावर उभं राहून स्वतंत्र मोजणी करत होते आणि प्रत्येक वेळी एक जास्त सांगत होते. पोलिसांच्या मोजणीचं हे एक वैशिष्ट्य असावं.

सचिवांनी बेरीज केली. "चारशे ऐंशी. भागिले पंचवीस. एकोणीस पूर्णांक दोन."

ती एक ओळ नसती तर एकवीस. मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो, पण ताईने तिची इतकी मशागत केली होती की तीही दुभंगेना.

"सचिवसाहेब," दाजी म्हणाले. सगळ्यांनी चमकून बघितलं. "आठावरून एकोणिसावर आलेत."

"ठरावात वीस आहे," सचिव म्हणाले. पण वही मिटताना त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "माझा नाइलाज आहे. लिहिलेलं लिहिलेलं. भट्टीवाल्याला निरोप द्यावा लागेल."

"द्या," ताई म्हणाली. "आजच बोलवा."

मला तिचा राग आला. हरायचंच तर निदान चार दिवस लांबवावं माणसाने. पण ती अशी शांत की जणू गॅसवरचं दूध दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

वीटभट्टीवाला संध्याकाळी आला. मध्यम वयाचा, कमी बोलणारा, तळहात कायमचे विटकरी झालेले. सचिवांनी ठराव वाचून दाखवायला सुरुवात केली, पण हा माणूस ऐकतच नव्हता. तो शेतात शिरला, पाला पायाने सरकवला, उकिडवा बसला आणि मूठभर माती उचलली. पाणी शिंपडलं, मळली, दोन्ही तळहातांत घोळवून वात वळायला लागला. वात बोटभर झाली आणि तुटली. पुन्हा वळली. पुन्हा तुटली. त्याने तुटलेला तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि त्यातून एक पांढरं बारीक मूळ ओढून काढलं. मग आणखी एक. मग गांडूळ निघालं, ते त्याने अदबीने खाली ठेवलं.

"काय केलं हे?" तो ताईला म्हणाला.

"काय झालं?"

"दोन वर्षांपूर्वी याच मातीची हातभर वात वळली होती मी. लोण्यासारखी होती. गुळगुळीत, मेलेली, एक नंबर. आता यात मुळं आहेत, कुजकं आहे, किडे आहेत. भट्टीत हे सगळं जळणार, वीट आतून पोकळ. गिऱ्हाईक ती माझ्या डोक्यात घालेल."

"घातली तरी लागणार नाही," हवालदार बांधावरून म्हणाले. "पोकळ आहे ना."

"वरची दोन हात काढून टाका आणि खालची न्या," सचिवांनी सुचवलं.

"खाली मुरूम आहे. मी तेव्हाच खड्डा घेऊन बघितला होता." त्याने हात झटकले. "ही माती माझ्या कामाची नाही राहिली, सचिवसाहेब. दुसरीकडे बघतो. बाई, काही म्हणा, माझं चांगलं दुकान बसवलंत तुम्ही."

"पाणी घेता का?" ताई म्हणाली.

सचिवांनी वही पुन्हा उघडली आणि ठरावावर बोट ठेवलं. ठराव पूर्ण झाला नव्हता आणि अमलातही येत नव्हता, अशी परिस्थिती त्यांच्या कारकिर्दीत बहुधा आली नसावी. शेवटी त्यांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सदर तुकडा, खरेदीदाराअभावी, धाकट्या सूनबाईंच्या देखरेखीखाली शेतीत ठेवण्यात येत आहे. पुढील हंगामात पुढच्या शेतातही मूग घेऊन पाहावा. सूचक मी." मग थांबून म्हणाले, "अनुमोदक?"

"मी," दाजी म्हणाले. म्हणजे त्या दिवशीचं पाचवं वाक्य.

सगळे गेल्यावर मी आणि ताई बांधावर बसलो. ती पायातलं कुसळ काढत होती. मला भरून आलं होतं. दोन वर्षं ही बाई उन्हात त्या टीचभर उतारावर राबली, दिराशी भांडली, शहराच्या खेपा घातल्या, आणि हातात पुढचं सोन्यासारखं शेत होतंच की. मी विचारलंच.

"ताई, खरं सांग. सगळे म्हणत होते तो तुकडा मुळातच भिकार आहे. मग त्याच्यावर एवढा जीव का टाकलास?"

ताईने कुसळ काढून फेकलं.

"मुळात कसला भिकार, नऊ वर्षं कापसावर कापूस घेऊन त्याची वाट मीच लावली होती, मग निस्तरायला काय तू येणार होतास?"